रणगाड्याच्या रेडिओवर घेतलेलं नाव

आमच्या ह्यांना बोलण्याचं वावडं. लग्न ठरवायला आले तेव्हाही सगळं थोरले दीरच बोलले. हे आपले चहाच्या कपात बघत बसले होते. असा माणूस एक दिवस नगरच्या भंगारातून दुसऱ्या महायुद्धातला, रणगाड्यात बसवायचा रेडिओ घेऊन आला. तोही नुसता ऐकायचा नव्हे, बोलायचा. मला इतकं हसू आलं की हातातली धारेची बादली खाली ठेवावी लागली.

हिरव्या पत्र्याची जड पेटी, बटणांवर इंग्रजी आणि त्याखाली रशियन अक्षरं. जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "ह्यात बाँब न्हाई ना?" हे नुसते हसले.

हे सुप्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सुट्टी आली की पेटी उघडून बसायचे, आणि मी शेजारी शेंगा फोडत बसायचे. तिथे मला नवल कळलं. पेटी उघडी असली की ह्यांचं तोंडही उघडतं. हा काचेचा व्हॉल्व्ह तापल्याशिवाय काम करत नाही, ही आतली मोटर बॅटरीचा दाब वाढवते, असं काय काय सांगायचे. इतक्या वर्षांच्या संसारात बोलले नव्हते तेवढं त्या पेटीपाशी बोलले. मला अर्धं कळायचं नाही, पण मी मान डोलवायचे. खरं सांगते, लई गोड दिवस होते ते.

असं हवेतून बोलायला सरकारी परवाना लागतो. परीक्षेला एकट्यानं जायची ह्यांना लाज, म्हणून सोबत मलाही बसवलं. दोघंही पास झालो. जाऊबाईंनी पेढे वाटले, कशाचे ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

रेडिओ दुरुस्त झाला आणि घोडं तिथेच अडलं. माईक हातात आला की हे गप्प. बटण दाबायचे, खाकरायचे, सोडून द्यायचे. आमच्या वस्तीवरून हवेत गेलं ते एवढंच. शेवटी एके दिवशी म्हणाले, "आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. पुण्याचा एक जन असल्या वस्तू जमवतो. रविवारी टेम्पो पाठवतोय." पेटी गेली की हे पुन्हा मुके होणार, आणि मी शेंगा फोडत कुणाशेजारी बसणार?

रविवारी डेअरीला दूध घातलं आणि पदर खोचला. लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रेडिओची तार होती, तिच्यावर जाऊबाईंनी वाळत घातलेली साडी काढली. ट्रॅक्टरची बॅटरी ह्यांना काढायला लावली. "अगं, कशाला आता?" म्हणत काढली बिचाऱ्यांनी. बटण फिरवलं तशी आतली मोटर गुणगुणायला लागली आणि गोठ्यातल्या म्हशींनी कान टवकारले. मी माईक घेतला आणि परीक्षेसाठी शिकले होते त्याप्रमाणे, कुणी ऐकतंय का, म्हणून हाका मारल्या. नुसती खरखर. पुन्हा मारल्या. हे बटणं फिरवत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

मग खरखरीतून एक म्हातारा आवाज आला. "वैनी, ऐकू येतंय. खर्डा गावातून बोलतोय."

हे असे उठले की गुडघा टेबलावर आपटला. खर्ड्याच्या काकांना आवाज निराळा वाटला, म्हणून सेट कुठला ते विचारलं. मी सांगितल्यावर ते खूश झाले. "रनगाड्याचा? आन् दुरुस्त कुनी केला? पहिल्या बोलन्याची आठवन म्हनून पोस्टानं कार्ड पाठवतो, त्यांचं नाव सांगा."

झाली पंचाईत. ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. बँकेतही कुणी विचारलं तर ह्यांचं आधारकार्ड पुढे सरकवते. इथे कार्ड कुठे सरकवणार? हे जमिनीकडे बघत होते. मी डोळे मिटले, बटण दाबलं आणि म्हणाले:

"ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रणगाड्याचा लागला सूर,
…रावांचं नाव घेते, ऐकू जावो खर्ड्याहून दूर."

तिथे काय नाव होतं ते इथे लिहीत नाही. जे घ्यायचं ते हवेत घेऊन झालं.

खर्ड्याचे काका खो खो हसायला लागले. मध्येच कुणी तिसराच, कुठला देव जाणे, म्हणाला, "वहिनी, आणखी एक होऊन जाऊ द्या." काकांनी त्यांच्या मंडळींना हाक मारून आणलं. त्या बाईंनी विचारलं, "ताई, लई भारी नाव घेतलंत. पन तुमचं नाव काय?"

मी बटण दाबायला गेले तर माईक हातात नाही. ह्यांनी काढून घेतला होता. जन्मभर मला "अगं" नाहीतर "ऐकलंस का" म्हणणारा हा माणूस. नेहमीसारखे खाकरले, आणि या वेळी बटण न सोडता त्यांनी माझं नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. नंतर म्हणाले, "माझी बायको हाय ती. तिच्यामुळंच दुरुस्त झाला सेट."

मी उगाचच साडीची घडी घालत राहिले, जाऊबाईंच्या.

दुपारी टेम्पोनं हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला चहा पाजला आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला. आत हे अजून बोलतच होते.