शालनच्या नावचा प्लॉट

गंगाराम म्हणजे एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. बोलणं कमी, हट्ट जबर. बारामतीबाहेर इंदापूर रस्त्यालगत, उसाच्या रानात पाडलेले आमचे दहा प्लॉट. रस्ता म्हणजे नुसती काळी माती. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, शालनच्या छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स त्या चिखलात रुतली. बाजेवर घालून आम्ही तिला डांबरीपर्यंत नेलं, पण तिथं पोचेस्तोवर ती गेली होती.

तेरावं होताच गंगाराम दारोदार फिरू लागला. रस्त्याची पट्टी अजून प्लॉट विकणाऱ्याच्याच नावावर होती. रहिवाशांची संस्था नोंदली तरच ती ताब्यात येणार, मग कुठं खडी पडणार. आम्ही बाप्ये मात्र आज या, उद्या या करत राहिलो. मला अजून लाज वाटते. दोन वर्षं चपला झिजवून त्यानं एकदाच्या सगळ्यांच्या सह्या मिळवल्या.

अर्ज निबंधकाच्या ऑफिसातनं आठवड्यात परत आला. मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून सगळ्यांनीच प्लॉट बायकांच्या नावावर घेतले होते, आणि सह्या ठोकल्या होत्या आम्ही. मालकिणी आत चहा करत होत्या. त्यांना विचारायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. शेजारच्या दगडाबाईनं आम्हाला धुऊन काढलं आणि एका दुपारी फिरून नऊ बायकांच्या सह्या घेतल्या. माझी राजेश्वरी सही करताना माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

दहावा प्लॉट शालनचा. ऑफिसला दहाही मालकांच्या सह्या हव्या होत्या. गंगारामनं तिचं नाव कागदावर तसंच ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. त्याचाच हात धजत नव्हता.

"तिचं नाव कमी करून तुमचं लावा, गंगारामभाऊ," दगडाबाई म्हणाली. "न्हायतर उद्या माझी बाज बी त्याच चिखलातनं जायची."

दुसऱ्या दिवशी गंगाराम आणि मी तलाठ्याकडं गेलो. अर्ज गंगारामनं स्वतः लिहिला. 'मयत' हा शब्द लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि माझ्यासमोर रडला.

संस्था नोंदली गेली. पहिल्या सभेत सभासदांची यादी वाचली: नऊ बायका, आणि शेवटी गंगाराम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "ती जागा शालनची हाय. तिचं नाव पुसून बसलोय मी तितं."