एका खात्यासाठी चालू राहिलेलं यंत्र

धाकटे, त्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. "आजी, तू मला केस उगवायचं तेल का विकतेस?" असं विचारून तू हसत सुटलीस. मीही हसले. माझ्या नावाने, माझ्या कॉलेजच्या पत्त्यावरून तुला तेलाची जाहिरात आली होती. दुपारपर्यंत तीच जाहिरात माझ्या धाकट्या बहिणीला गेली, दातांच्या डॉक्टरांना गेली, ज्यांच्याशी मी दहा वर्षं बोललेले नाही अशा एका बाईंनाही गेली. मग मात्र माझं हसू आटलं.

तू आणि थोरला, तुम्ही दोघं दूर आहात आणि त्या आठवड्यात मी फोनवर तुम्हाला धड काही सांगितलं नाही. आता सगळं लिहून ठेवते, कारण यात माझी चूक होती आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी.

नांदेडच्या कॉलेजात मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही लातूरला राहायला आलो, पण कॉलेजने दिलेलं मेलचं खातं माझ्याकडे राहिलं. तुमची सगळी पत्रं त्यातच आहेत. थोरल्याला नुसतं 'आजी आजी आजी' एवढंच टाइप करता यायचं, तेव्हापासूनची. दर वर्षाचा वेगळा कप्पा आणि आत तारीखवार क्रम. आजोबा म्हणतात, पत्रं वाचण्यापेक्षा लावण्यातच हिला जास्त आनंद होतो. ते अगदीच खोटं नाही.

कॉलेजचा संगणक विभाग म्हणजे एकच बाई. ती माझी विद्यार्थिनी. भोकरजवळच्या खेड्यातून आलेली, इंग्रजीला घाबरायची म्हणून रविवारी घरी येऊन मोठ्याने धडे वाचायची. मी मटार सोलत ऐकायचे, चुकली की हातातली शेंग वर करायचे. आज ती चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई आहे. सगळ्या कॉलेजचे संगणक, मेल, परीक्षेचे अर्ज, प्राचार्यांचा रुसलेला प्रिंटर, सगळं तिच्याच गळ्यात. नेमणूक मात्र अकरा महिन्यांची. दर वर्षी दिवाळीनंतर नवी ऑर्डर निघते, तोवर तिच्या जिवाला घोर असतो.

नवरात्रात तिचा फोन आला. "मॅडम, मेल सर्व्हरमध्ये एक भोक सापडलंय."

"कोणी पाडलं?"

"पाडलं न्हाई, पहिल्यापासूनच होतं. आता दिसलं. आपल्याच न्हाई, जगात जिथं जिथं हे सॉफ्टवेअर चालतं तिथं सगळीकडं."

थोरल्याला हे ठाऊक असेल, धाकटीसाठी सांगते. मेल सर्व्हर म्हणजे कॉलेजची स्वतःची टपाल कचेरी. आलेलं प्रत्येक पाकीट घ्यायचं, पत्ता वाचायचा आणि योग्य त्या खात्यात टाकायचं. कोणाच्या तरी लक्षात आलं, की पत्त्याच्या जागी एका विशिष्ट पद्धतीने हुकूम लिहिला, तर हा पोस्टमन पत्ता वाचता वाचता तो हुकूमच पाळून मोकळा होतो. आणि त्याच्या कमरेला तर सगळ्या कचेरीच्या किल्ल्या! सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी भोक बुजवण्याचा उपाय लगेच दिला होता. पण आम्हा निवृत्तांची खाती होती त्या जुन्या यंत्राला तो उपाय लागू पडत नव्हता. खाती नव्या यंत्रावर हलवायची आणि जुनं बंद करायचं, एवढाच मार्ग.

मी विचारलं, "हलवताना पत्रांच्या तारखा राहतील ना?"

ती खोटं बोलत नाही. "सांगता येत न्हाई मॅडम. मागं दोन सरांचं हलवलं तर सगळ्या पत्रांवर एकच तारीख पडली."

"मग दिवाळीनंतर बघू," मी म्हटलं. दिवाळीत तुमची पत्रं येतात.

दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा म्हणाली, "बाकी सगळ्यांची खाती हलवली. आता त्या मशीनवर तुम्ही एकट्याच हायत." मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, थोडं मान मिळाल्यासारखंच वाटलं. भाऊबीज झाल्यावर तिसरा फोन. "मॅडम, मी केव्हाची सांगून राहिले. लोक असली भोकं शोधत फिरायलेत." मी म्हटलं, "अगं, पुढच्या आठवड्यात नातवाचा वाढदिवस आहे, तेवढा होऊ दे. आणि माझ्यासारख्या म्हातारीच्या पत्रांत कोणाला काय मिळणार? हात लावू नकोस."

"बरं, मॅडम."

चोरांना माझी पत्रं नकोच होती, त्यांना फाटक हवं होतं. चार दिवसांनी तेल विकणं सुरू झालं. त्या यंत्रावर माझं एकटीचंच खातं, म्हणून सगळी जाहिरात माझ्या नावाने. एवढा कचरा एका पत्त्यावरून येतोय म्हटल्यावर बाहेरच्या सर्व्हरांनी आमच्या कॉलेजला दारं लावली. परीक्षेच्या अर्जांचा विद्यापीठाशी चाललेला पत्रव्यवहार अडकला. तिने कळताक्षणी जुन्या यंत्राची जोडणी तोडली, पत्रांची प्रत काढली आणि संध्याकाळी मला फोन केला. "मॅडम, तुमची पत्रं सुखरूप हायत. फिकीर करू नका."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची माफी मागायला मी कॉलेजात फोन लावला, तो कार्यालयातल्या क्लार्कने उचलला. माझा आवाज ओळखून हळूच म्हणाला, "मॅडम, संगणकवाल्या बाईंना नोटीस निघालीय. परवा संस्थेच्या सचिवांनी बोलावलंय. औंदा ऑर्डर निघत न्हाई बघा."

"तिने उत्तर काय दिलंय?"

"एक ओळ. माझ्याकडून दुर्लक्ष झाले."

फोन ठेवून मी माझी वही काढली. महत्त्वाचं बोलणं झालं की तारीख घालून दोन ओळी लिहायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. तिचे तीनही फोन त्यात होते आणि प्रत्येकाखाली माझ्याच अक्षरात 'नाही म्हटलं' असं होतं. तिसऱ्याखाली तर रेघ मारलेली.

आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिथे जाऊन तिची वकिली करणार की स्वतःची कबुली देणार?"

"दोन्ही."

"मग स्वेटर घेऊन जा. उशीर होईल."

पहाटेची एसटी धरली. पंच्याहत्तरी झाल्यापासून मला तिकीट लागत नाही. कंडक्टरने कार्डावरचा फोटो आणि मी, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मावशी, एकट्याच? देवदर्शनाला?" मी म्हटलं, "नाही, मीटिंगला." अहमदपूरला चहाला गाडी थांबली, तेव्हा त्याने ड्रायव्हरला ते सांगितलं आणि दोघं माझ्याकडे जरा अदबीने बघू लागले.

संस्थेचे सचिवही माझेच विद्यार्थी, मागच्या बाकावरचे. मला दारात बघून उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला? फोन केला असता तर गाडी पाठवली असती."

"तुझ्या गाडीतून येऊन तुझ्याशी भांडता आलं नसतं."

ती खिडकीजवळ उभी होती. मला पाहून तिने मान खाली घातली, जशी शेंग वर झाल्यावर घालायची. मी वही उघडून तीनही नोंदी वाचल्या. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा मान राखून बोलतो. तुम्ही न्हाई म्हटलं ते ठीक, पण मशीन हिच्या ताब्यात. हिनं ऐकायचंच कशाला?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर तिने दिलं. "सर, मॅडमनं न्हाई म्हटल्यावर माझा हात उचलला न्हाई. तुमचा उचलला असता का?"

सचिवांनी खुर्चीत बसून तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "माझ्या बापाच्यानं उचलला नसता." आम्ही तिघंही हसलो, ती सगळ्यांत शेवटी.

ऑर्डर निघाली. अकरा महिन्यांचीच. त्याबद्दल मी बोलून पाहिलं तर "ते माझ्या एकट्याच्या हातात न्हाई, मॅडम," असं उत्तर मिळालं. पण एक कागद मी त्यांच्याकडून तिथेच लिहवून घेतला. यंत्राच्या सुरक्षेबाबत तिचा शब्द शेवटचा, समोर प्राचार्य असोत, सचिव असोत की निवृत्त प्राध्यापक. खाली पहिली सही मी केली.

मग ती मला संगणकांच्या खोलीत घेऊन गेली. जुनं यंत्र कोपऱ्यात टेबलावर होतं, धुळकट आणि अगदी साधं. ते पूर्ण पुसून टाकायचं होतं, कारण आत शिरलेल्याने कुठे काय लपवून ठेवलंय याचा भरवसा नव्हता. तिने घाईत काढलेल्या प्रतीत पत्रं सगळी होती, पण तारखा गेल्या होत्या. खऱ्या तारखा त्या यंत्रातच.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "दोन दिवस असंच ठेवलं तर तारखांसकट काढायची खटपट करता येईल. करू का?"

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. इतका प्रवास करून, वही वाचून, सही करून, तरीही आलं होतं.

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "तुला काय करायला हवं वाटतं?"

"आजच पुसायला हवं."

तिने खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली आणि कामाला लागली. तास-दीड तास लागला. तेवढ्या वेळात तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि थोडं रडूही आलं. डोळे स्वेटरच्या बाहीला पुसले.

तेव्हा आता थोरल्याचं 'आजी आजी आजी' आणि धाकटीचं गेल्या महिन्यातलं पत्र, दोन्ही एकाच दिवसाची आहेत. मजकुरावरून मी क्रम लावते आहे. कोणाचा दात पडला, कोण कितवीत गेलं, कोणाचं कोणाशी भांडण झालं, यावरून वर्ष सापडतं. तुम्ही दोघं पोहायला नेमके कधी शिकलात, तेवढं कळवा. तिथे मी अडले आहे.