मान्यतापत्रावरचा पत्ता

सोक त्रांग शहरातल्या कोळंबी कारखान्यात लुआताईंना पाठीमागे सगळे 'फौजदारीण' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. परदेशी जाणारी कोळंबी औषधांच्या अंशासाठी बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घ्यावी लागे. आणि त्या लॅबला तपासायचा अधिकार आहे का, हे लुआताई तपासत. मान्यतापत्राचा क्रमांक, मुदत, कोणत्या मालाची कोणती चाचणी त्यात धरली आहे, सगळं. एकदा एका लॅबची मान्यता फक्त मधापुरती निघाली. लॅबवाला म्हणाला, मध काय नि कोळंबी काय, औषध तेच. ताईंनी त्याला मधाच्या धंद्यात यश चिंतलं आणि फोन ठेवला.

घरीही तीच तऱ्हा. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी आली, तेव्हा ताईंनी मुलाची पदवी बघायला मागितली आणि नंतर ती देणाऱ्या कॉलेजला फोन केला. लग्न झालं. जावई अजून त्यांच्याशी जपून बोलतो.

हे सारं त्यांना शिकवलं खिएम सरांनी. नवरा वारला तेव्हा लुआताई कोळंबीची डोकी खुडत होत्या. सरांनी त्यांना आपल्या लॅबमध्ये आधी बाटल्या धुवायला घेतलं, मग नोंदींना बसवलं, आणि पुढे स्वतःच चिठ्ठी देऊन कारखान्यात चिकटवून दिलं. कारखान्याच्या मान्य लॅबच्या यादीत बावीस वर्षं पहिलं नाव त्यांच्या लॅबचं होतं.

वर्षातून एकदा, न कळवता, प्रत्येक लॅब डोळ्यांनी बघून यायची ही ताईंची पद्धत. नियमात असं काही नव्हतं. सरांकडे जाताना मात्र त्या पिया केकची, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या मिठाईची, पेटी नेत, म्हणजे तपासणीला गेल्यासारखं वाटत नसे. यंदा त्या पेटी घेऊन पोचल्या, तर त्या पत्त्यावर नवरीचे पोशाख भाड्याने मिळत होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवरीच्या आईसाठीही आहेत म्हणून सांगितलं.

लॅब कालव्यापलीकडे गेली होती, अडीच महिन्यांपूर्वी. घरमालकाने घर विकलं आणि तीन आठवड्यांत जागा रिकामी करून घेतली. नव्या जागेत यंत्रं तीच होती, पुन्हा जुळवून घेतलेली. सरांचा पांढरा कोटही तोच, इस्त्रीचा. पण मान्यता मिळते ती जागेसकट. जागा बदलली की मान्यता देणाऱ्यांना कळवायचं, मग ते लोक येऊन सगळं नव्याने बघणार. तोवर मान्यतेच्या शिक्क्याने अहवाल देता येत नाही. त्याला चार-पाच महिने सहज लागतात. सरांनी कळवलंच नव्हतं.

"सर, अहवालावर जुना पत्ता येतोय," ताई म्हणाल्या.

"हो."

"तिथे लग्नाचे कपडे आहेत."

"माहीत आहे." सरांनी चहा ओतला. "नऊ माणसं आहेत माझ्याकडे, पोरी. पाच महिने त्यांना काय सांगू?"

ताईंना सरांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. चहा पिऊन त्या उठल्या.

गुरुवारी जपानचा कंटेनर निघायचा होता, आणि त्याचा अहवाल सरांचाच होता. ताईंनी मॅनेजर विन्हला सगळं सांगितलं. तो म्हणाला, यंत्र तेच, माणूस तोच, कोळंबी तर आपलीच.

"जपानहून कोण येतंय ताई ती गल्ली बघायला?"

"मी गेले होते ना."

विन्हने गोदामाला फोन लावला. मग कंटेनर थांबला, नमुने दुसऱ्या लॅबला गेले. लॅब हलल्यानंतरच्या अहवालांवर आधी रवाना झालेल्या दोन मालांबद्दल गिऱ्हाइकांना पत्रं जायची होती. त्यांवर सही मात्र तुमचीच असू दे, असं विन्हने बजावलं.

उरला यादीतून सरांच्या लॅबचं नाव कमी करायचा फॉर्म. त्यात कारणाची चौकट असते. ताईंनी 'जागा बदलली' एवढंच लिहिलं आणि सरांना फोन लावला. दुसऱ्या कुणाकडून त्यांना हे कळू नये, एवढंच मनात होतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारण काय लिहिलंस?"

ताईंनी सांगितलं.

"अर्धंच लिहिलंस. पुढे लिही, आणि कळवलं नाही."

"सर, तेवढं राहू दे."

"का? दुसऱ्या लॅबचं राहू दिलं असतंस?"

ताईंनी लिहिलं. सर म्हणाले, वाच बघू. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं, लॅबचं नाव, प्रमुखाचं नाव, यादीत बावीस वर्षं. 'कळवलं नाही' एवढं त्या नुसत्या पुटपुटल्या, म्हणून तेवढं पुन्हा वाचावं लागलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.