उभी गाडी चालली तेव्हा

तळोद्याच्या एका शाळेत वत्सलाबाई विज्ञान शिकवत. साठ सालानंतरची ही गोष्ट. गतीचा धडा निघाला की बाई फळ्यापेक्षा सासऱ्यांबद्दलच जास्त बोलतात, असं मुली हसत सांगायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. "न्यूटनचे उपकार पुस्तकात छापलेत," त्या म्हणत, "आबांचे मीच सांगायला हवेत."

आबा म्हणजे चुडामण, तापीकाठचे शेतकरी. मॅट्रिक अर्धवट टाकून सून घरात आली, तिनं परीक्षा द्यावी हे त्यांच्याच मनात आलं. सासू नानीबाई मात्र गरजल्या, "सासरासमोर एक शब्द बोलनी, ते पुस्तकं चुल्हामां!" त्या घरात सून सासऱ्यापुढे पदर ओढून बसे, तोंडातून ब्र काढत नसे. अगदीच नड आली तर दोघंही समोरच्या एखाद्या वस्तूला उद्देशून बोलत.

परीक्षा अमळनेरला, माहेरी राहून द्यायची. नंदुरबार स्टेशनात गाडीत बसवून आबा तांब्या घेऊन पाण्याला उतरले. पदराखालून वत्सलाला शेजारच्या रुळावरच्या मालगाडीची चाकं तेवढी दिसत होती. ती चाकं मागे सरकू लागली. आपलीच गाडी सुटली आणि आबा राहिले, असं तिला वाटलं. पलीकडच्या खिडकीशी धावत जाऊन ती ओरडली, "आबा, पया! गाडी चालनी!"

आबा तांब्या सांडत धावत आले. गाडी जागची हलली नव्हती. सगळा डबा हसला, आणि त्या डब्यात गावच्या कौसाबाई होत्या. आता ही बातमी घरी पोचायला आगगाडीचीही गरज नव्हती. परीक्षेआधीच आपलं शिक्षण संपलं, असं वत्सलाला वाटलं.

थोड्या वेळानं खरोखरच गाडी सुटली. हिसका बसला, बाकावरचं गाठोडं मागे कललं. आबांनी ते सावरलं आणि त्यालाच विचारलं, "गठोडा, उभी गाडी चालनी असं तुन्ही मालकीणले कसं वाटनं?"

वत्सलाही गाठोड्यालाच सांगू लागली. शेजारची गाडी मागे गेली की आपण पुढे गेल्यासारखं वाटतं. चालतो की थांबलोय, हे कशाकडे बघतो त्यावर ठरतं. वेग बदलला की हिसका बसतो. मघाशी हिसका बसलाच नव्हता, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आबांचा जन्म बैलगाडीत गेलेला. बैल निघाले की पोती मागे कलतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं. अमळनेर येईपर्यंत ते विचारत राहिले.

परीक्षा झाल्यावर दोघं परतले. नानीबाई दारातच उभ्या होत्या. "बोलनी ना ही? सगळा डबाले ऐकाडं!"

वत्सला भिंतीशी चिकटून उभी राहिली.

"बोलनी," आबा म्हणाले. "इतली शाहणी पोर, आनि आपण तिले मुकी करी ठेवेल व्हती." मग ते वळले आणि थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "वत्सला, बेटा, माले सांगं ते तुन्ही सासूले बी सांग."

सासरी आल्यापासून तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. तिचे डोळे भरून आले. पदर मागे सारून ती नानीबाईंना गाडी कशी चालते ते सांगू लागली.