दस्तगीर मिस्त्रींचा चहा

यास्मिनचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. एरवी ती आधी माझी चौकशी करते, मग घरातली. त्या दिवशी नुसतं म्हणाली, “बाई, अब्बा गेले… पहाटे. हार्टचं झालं.” मी ‘येते’ म्हणाले आणि फोन ठेवला. पुढ्यातला पेपर तपासून संपवला, बेरीज केली आणि ती चुकली. सत्तावीस वर्षं गणित शिकवतेय, पेपरावरची बेरीज माझी सहसा चुकत नाही. शेजारच्या सहकारी बाईंनी विचारलं, कोण गेलं? दस्तगीर मिस्त्री माझे नात्यातले नव्हेत, शेजारी नव्हेत. मी म्हणाले, “माझे मिस्त्री गेले.” त्यांना वाटलं, घराचं बांधकाम अडलं.

दस्तगीरचाचांचं गॅरेज उद्यमनगरात. मागे लेथचं दुकान, पुढे पत्र्याची शेड, एका वेळी दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी. त्यांची मुलगी यास्मिन माझी विद्यार्थिनी, ती आता औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. तिच्यामुळं ओळख झाली आणि मग आमच्या घरात स्कूटर असो की मोटार, चाचांनी पाहिल्याशिवाय आली नाही. वापरलेली गाडी घ्यायची असेल तर अर्धं उद्यमनगर चाचांना सोबत न्यायचं. ते बॉनेट उघडायचे, इंजिन सुरू करायला सांगायचे आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचे. डोळे मिटून, बराच वेळ. तेवढ्यात कुणी बोललं तर हातानंच गप्प करायचे, मग तो गाडीचा मालक का असेना.

पण त्यांचा निकाल मात्र तोंडानं कधी यायचा नाही. गाडीच्या मालकापुढं चाचा तिच्याबद्दल चांगलं बोलत नसत, वाईट तर नाहीच. “दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या गाडीला नावं ठिवायची न्हाईत, बाई. लेकरागत सांभाळल्याली असती,” असं ते म्हणायचे. निकाल असायचा चहात. गाडी पाहून झाली की मालकाच्या घरातून चहा येतोच, आपल्याकडं त्याला चुकणं नाही. चाचांनी कप उचलला की गाडी घ्यायची. “आत्ताच घिऊन आलोय, पाणी द्या,” म्हणाले की नमस्कार करून निघायचं. मालकाला पत्ता लागत नसे, कुणाचं मन दुखत नसे. रमजानच्या महिन्यात ते गाडी बघायला जातच नसत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “त्या म्हैन्यात माझ्या हातनं कुठलीबी गाडी नापासच व्हनार की.”

चार वर्षांपूर्वी मला कागलच्या गाडीचं कळलं. दोन दारांची, बुटकी, लाल, परदेशी बनावटीची स्पोर्ट्‌स कार. वय वीसच्या पुढं. मालक वारलेले, कारखानदार गृहस्थ होते, हौसेनं आणलेली. नंतर तीन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. इंजिनाचं काम निघणार हे विकणाऱ्या काकूंनी फोनवरच सांगितलं होतं. घरी आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. पन्नाशीला आलेल्या बाईला कसली आलीय स्पोर्ट्‌स कार, आणि तीही बंद पडलेली? त्यांचं चूक नव्हतं. इंजिन उघडल्यावर ते होण्यासारखं निघालं नाही तर माझी सगळी शिल्लक पत्र्याच्या एका लाल खोक्यात अडकून पडणार होती. पण मला ती हवी होती, आणि का हवी होती ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी आधी वडिलांच्या सायकलवर मागं बसले, मग भावाच्या मोटारसायकलवर, मग ह्यांच्या स्कूटरवर. स्कूटर माझी झाली तेव्हा मागं मुलं आणि पुढं भाजीच्या पिशव्या. या गाडीला मागची सीटच नव्हती. एवढंच कारण होतं. हसायचं तर हसा.

ह्यांनी एक अट घातली, मिस्त्री नाही म्हणाले तर विषय संपला. मला ती मान्य होती. खरं सांगायचं तर मला कुणीतरी नाही म्हणायला हवंच होतं, माझ्याच्यानं ते होत नव्हतं.

रविवारी सकाळी चाचांना घेऊन कागलला गेले. काकूंनी गड्याकडून ताडपत्री काढवली, नवीन बॅटरी लावून ठेवली होती. गाडी सुरू झाली ती खोकतच, आणि मागून निळा धूर. ऑइल जाळत होती, हे मलाही कळलं. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. कपाळावर घाम आला होता. मी मनातल्या मनात गाडीचा निरोप घेऊन टाकला. मग आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसलो आणि चहा आला… आणि चाचांनी कप उचलला. त्यांचे हात थरथरत होते. बशीत ओतून घटाघटा प्याले. वर काकूंना म्हणाले, “वैनी, साखर आनि एक चमचा घाला की.” आणि दुसरा कप घेतला. एका गाडीला दोन कप मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, एवढं भारी इंजिन ऐकून म्हातारा हरखला. मी तिथल्या तिथं म्हणाले, “काकू, गाडी मी घेतली.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उठून माझ्या हातावर साखर ठेवली. चाचा माझ्याकडं बघत होते.

परतीच्या वाटेवर ते मान टाकून झोपले. शहर आल्यावर मी विचारलं, “इंजिनाचं काय म्हणता?” ते म्हणाले, “सगळं उतरावं लागंल.” जरा थांबून म्हणाले, “शबूद दिलासा न्हवं?” मी म्हणाले, दिला. “मग करूया की.”

ते काम आठ महिने चाललं. पिस्टनच्या रिंगा मिळेनात, मिळाल्या त्या बसेनात. मागच्या लेथवर चाचा स्वतः उभे राहून एकेक भाग करून घ्यायचे. दुसऱ्या कुणाला या इंजिनाला हात लावू देत नसत. मी कॉलेज सुटल्यावर जायची, स्टुलावर बसून पेपर तपासायची, मध्येच उजेडाला बॅटरी धरायची. त्यांनी मला इंजिन ऐकायला शिकवलं. कुठल्या खटक्याकडं दुर्लक्ष करायचं आणि कुठल्या खटक्याला गाडी जागीच थांबवायची, ते शिकवलं. दोनदा सगळं जुळवलेलं पुन्हा उतरवावं लागलं. दुसऱ्या वेळी मी चिडले. म्हणाले, “चहा तुम्हीच घेतला होता, चाचा. दोन कप.” ते तेलकट हात पुसत हसले. “घेतला की. ग्वाड हुता.” पुढं तो आमचा ठरलेला संवादच झाला. काम अडलं की मी त्या चहाचा विषय काढायची आणि ते तो गोड होता म्हणायचे.

गाडी झाली. अशी झाली की आमचे हे रविवारी आपणहून फडकं घेऊन तिला पुसायला लागले.

चाचा गेल्यावर तीन आठवड्यांनी यास्मिनकडं गेले होते. बोलता बोलता मी नेहमीच्या सवयीनं कागलच्या चहाची गंमत सांगितली. तिची आई आत उठून गेली. यास्मिन म्हणाली, “बाई, त्या दिवशी अब्बांची शुगर उतरलेली. सकाळी डायबेटिसची गोळी घेतली आणि न खाताच तुमच्याबरोबर गेलते. चक्कर यायला लागली म्हणून चहा घेतला त्यांनी. घरी येऊन मला म्हणाले, गाडी नापास हुती, पर मी तोंड उघडायच्या आत बाईंनी शबूद दिला.” मी विचारलं, मग मला नंतर का नाही सांगितलं? मागे फिरता आलं असतं. “मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, तू त्यांचं तोंड बघितलं न्हाईस. आता ती गाडी पास करायची माझ्याकडं लागली.”

मला आधी रागच आला. मग लाज वाटली, आणि ती अजून जात नाही. थरथरणारे हात मी पाहिले होते. घाम पाहिला होता. सगळं दिसत असून मी त्याचा अर्थ गाडीच्या बाजूनं लावला, कारण मला गाडी हवी होती. आणि आठ महिने मी त्या माणसाला त्याच चहावरून चिडवत राहिले… हेही खरं की त्या सकाळी ते पोटभर खाऊन आले असते तर त्यांनी पाणी मागितलं असतं, आणि आयुष्यात मी हौसेनं घेतलेली एकुलती एक वस्तू मिळाली नसती. या दोन्ही गोष्टींची बेरीज मला अजून जमलेली नाही.

आमची शेवटची भेट पन्हाळ्याच्या रस्त्यावर झाली, ते जाण्याआधी दीडेक महिना. मीच आग्रहानं त्यांना बाजूला बसवून नेलं होतं. वाघबीळच्या पुढं चढ सुरू झाला, गाडी मस्त ओढत होती आणि एका वळणावर ते म्हणाले, “थांबवा, बाई. गाडीला दम खाऊ द्या.” मी कडेला घेतली. त्यांनी उतरून बॉनेट उघडलं आणि दोन्ही हात गाडीवर टेकून, मान खाली घालून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी आत बसून म्हणाले, “काय चाचा, एवढं काम करून चढाला दम लागतोय? कच्चं राहिलं म्हणायचं इंजिन.” ते वर न बघता म्हणाले, “ऱ्हायलं असंल, बाई.”

यास्मिनकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या रस्त्यानं गेले. त्या वळणावर थांबले आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहिला. काटा मध्यावर होता, जराही वर नाही. उन्हाळ्यात गेले, पावसात गेले, ह्यांना घेऊन गेले, काटा मध्यावरच असतो. त्या दिवशीही तो माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होता आणि मी पाहिला नव्हता. आता तिथं आलं की मी गाडी बाजूला घेते, उतरते, बॉनेट उघडते आणि दहा मिनिटं उभी राहते. मागून येणारा एखादा मोटारसायकलवाला थांबून विचारतो, “काय वो ताई, गाडी तापली काय?” मी त्याला सांगते, गाडीला काही झालेलं नाही, इंजिन पक्कं आहे.