पाखाडीसमोरचा बांध

धर्माजी माझ्या आईचे मामा. बोर्ली पंचतन ते श्रीवर्धन ते सर्व्हिसची, म्हणजे उतारूंची मोटार चालवायचे. ही हकिगत त्यांनी मला आपणहून सांगितली. मी मोटारीचं लायसन काढून त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि आशीर्वाद द्यायच्या आधी हे सांगितलं.

घर भातशेतीवालं. सोळाव्या वर्षी ते मुंबईला गेले, एका पारशाच्या गाड्या धुता धुता चालवायला शिकले आणि सन तीसच्या सुमारास परत आले. त्या वेळी आमच्या भागात ड्रायव्हर बोटांवर मोजण्याइतके. मोटार आली की माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. मामा म्हणाले, "लोक मोटारीकडं बघायचे. मला वाटायचं, माझ्याकडं बघतायत."

वाटेत कोळ्यांची वीस-पंचवीस घरांची एक पाखाडी होती. सडकेच्या एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला मासळी वाळत घालायचं खळं. बायका टोपल्या घेऊन दिवसभर सडक ओलांडायच्या. एका वर्षात तिथं मोटारीखाली दोन बकऱ्या गेल्या, आणि सदू नावाचा बहिरा म्हातारा धक्का लागून पडला, त्याचा हात मोडला. पाखाडीतल्या रघूनं, पंचविशीतल्या एका खलाशानं, कचेरीत अर्ज दिला. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यानं चार माणसं घेऊन सडकेवर आडवा बांध घातला. खाली जांभ्याचे चिरे, वर माती, वीतभर उंच. मोटार हळू व्हावी, एवढाच हेतू.

प्रत्येक ड्रायव्हरनं त्या बांधावर आपापली तोड काढली. कान्हा ड्रायव्हर सगळ्यांना उतरवून रिकामी गाडी पलीकडे न्यायचा. दुसरा एक गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचा. मामांनी दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी बांध तसाच भरधाव घेतला. त्यांच्या लक्षात आलं, की वेगात घेतलं तर पुढच्या गादीवर नुसता झोका बसतो. पुढं बसायचे शाळेचे मास्तर आणि तलाठी. त्यांना त्याची गंमत वाटायला लागली. पाखाडी जवळ आली की मास्तर टोपी धरून सरसावून बसायचे आणि पलीकडे गेल्यावर म्हणायचे, "धर्माजी, अशी कुणाला जमायची नाही."

मागं मात्र लाकडी फळ्या होत्या. तिथं कोळणी बसायच्या. टपाखाली त्यांना वेग कळत नसे, दणका तेवढा कळायचा. त्या ओरडल्या की मामा मागं न बघता सांगायचे, घट्ट धरून बसा. हे चारेक महिने चाललं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरची यात्रा करून आलेल्या माणसांनी गाडी खच्चून भरली होती. अगदी शेवटच्या फळीवर ठमाबाई बसली होती. रघूची आई. पन्नाशीची, सुकी मासळी विकून एकटीनं पोराला वाढवलेली. त्या दिवशी तलाठ्यानं आपल्या पाहुण्याला मुद्दाम पुढं बसवलं होतं, आमचा ड्रायव्हर बघा म्हणून. मामांनी रोजच्यापेक्षा जास्त वेग दिला.

मागून एकच आवाज आला, लाकडावर नारळ आपटावा तसा. ठमाबाईचं डोकं टपाच्या फळीला लागलं होतं. ती शुद्धीवर होती, पण मान हलवता येत नव्हती.

मामांनी तिला उचलून घरी नेलं, उलट्या पावली जाऊन श्रीवर्धनहून डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला जीव वाचेल, पण या बाईच्या डोक्यावर पुन्हा ओझं देऊ नका. कोळणीला हे सांगणं म्हणजे काय, ते तिथल्या सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीचा मालक आणि फौजदार आले. मामांना विचारलं. मामा म्हणाले, "मी रोजच्यासारखी हळूच घेतली, साहेब. यांनी बांध आणखी वाढवला होता." फौजदारानं मास्तरांकडं आणि तलाठ्याकडं पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. आपण होडीवर असताना कुणी माती चढवली असेल, असं रघूला वाटलं. परवानगीशिवाय सरकारी सडक अडवली म्हणून रघूला सगळ्यांसमोर दम भरला, आणि ज्यानं बांध घातला त्यानंच तो आजच्या आज काढावा, असा हुकूम झाला.

दुपारची फेरी घेऊन मामा आले, तेव्हा रघू एकटाच बांध खणत होता. मोटार थांबवावी लागली. रघू पहार ठेवून खिडकीशी आला, हात जोडले.

"धर्माजीदादा, माजं चुकलं. तुमी होतात म्हणून आय जिती हाय."

मामांनी मान डोलावली आणि गाडी पुढं घेतली. ते मला म्हणाले, "खोटं बोललो ते भीतीनं. पण ती मान का डोलावली, ते मला अजून सांगता येत न्हाय."

पाखाडीनं रघूला बोल लावला. आईची मान पोरानंच मोडली, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. त्याची बायको राही टोपली घेऊन बाजारात जायला लागली. रघू होडीवर जायचा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. मामा राहीकडून भाडं घेत नसत, आणि ती रोज उतरताना त्यांना आशीर्वाद द्यायची. त्या आशीर्वादाला घाबरून ते कधी कधी दुसऱ्या ड्रायव्हरशी फेरी बदलून घ्यायचे.

दोन वर्षं गेली. मग एका सकाळी ते रघूच्या घरी गेले. ठमाबाई दाराशी जाळं विणत होती. कोण आलं ते बघायला तिनं अख्खं अंग वळवलं. मामा उभ्या उभ्याच बोलले. बांध वाढवलेला नव्हता. मी गाडी भरधाव घातली. रोजच घालत होतो.

रघू भिंतीला टेकून ऐकत होता. ठमाबाईनं विचारलं, "मास्तर न् तलाठी पुढंच व्हते. त्यांना ठावं व्हतं?"

"व्हय."

ती पुन्हा जाळ्याकडे वळली. रघू म्हणाला, "दोन वर्सं मी आयच्या समोर जेवाय बसलो न्हाय. हे मला सांगून काय व्हणार? पाखाडीला सांगा."

होळीच्या माळावर पाखाडी जमली होती, तिथं मामांनी सांगितलं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. जनी नावाची एक म्हातारी उठून घरी गेली, मग एकेक करून बाकीच्या बायका गेल्या. मामांना वाटलं होतं, मारतील आणि मग सुटल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकालाही सांगितलं. मालकानं चावी काढून घेतली. वर्षभरानं दुसऱ्या मालकाच्या गाडीवर काम मिळालं, सडक तीच.

राही पुन्हा त्यांच्या गाडीत बसली, पण भाडं मोजून हातावर ठेवायची. रघू कधीच बसला नाही. बोर्लीला जायचं असलं की चालत जायचा. तो सडकेच्या कडेनं चाललेला दिसला, की धुरळा उडू नये म्हणून मामा गाडी पार माणसाच्या चालीवर आणायचे. आतली माणसं कुरकुरायची. रघू खाली बघत चालत राहायचा, आणि गाडी त्याच्या बाजूनं हळूहळू पुढं जायची.