पेल्यातलं पत्र

खंडेनवमीच्या सकाळी सगळं गाव हत्यारं घासायला बसायचं. कराडच्या वर, औंधाच्या वाटेवरचं ते गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळे कुणाच्या पाटावर तलवार, कुणाच्या कट्यार, आणि ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्या पाटावर विळा-कोयता. ज्ञानू आबांच्या पाटावर मात्र तामचिनीचा एक फुटका पेला असायचा. एका अंगानं गोळी शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर पडलेली. आबा त्याला अंघोळ घालत, कुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत आणि हात जोडून बराच वेळ बसत.

मी त्या गावात प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पहिल्याच खंडेनवमीला हा प्रकार पाहिला आणि मला हसू आवरेना. "आबा, पाणी पिऊन लढाई जिंकलात काय?" असं विचारून बसलो. आबांनी वर बघितलं. उंच, वाळलेला माणूस. मिशा पांढऱ्या, डावा डोळा सदा किंचित मिटलेला, नेम धरल्यासारखा.

"मास्तर, तुमी सगळी मारनाऱ्याचं पुजताय," ते म्हणाले. "कुनीतरी ज्येला लागलं त्येचं बी पुजायला नगं का?"

पहिल्या जर्मन लढाईत आबा बसऱ्याकडे गेले होते. ती हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली. नदीच्या अलीकडे यांचे मोर्चे, पलीकडे तुर्कांचे. उजाडताना दोन्हीकडून एकेक माणूस पाण्याला उतरायचा आणि त्या वेळी कुणी गोळी घालायची नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. पलीकडचा एक तुर्क रोज पेला उंच करून आबांना दाखवायचा, आबा लोटा दाखवायचे. पुढे नवा साहेब आला. त्याला हा व्यवहार खपला नाही. आबांचा नेम पलटणीत नावाजलेला, म्हणून हुकूम त्यांनाच झाला. "त्यानं प्याला वर केला, तवाच," आबा म्हणाले. मोर्चा पुढे सरकल्यावर पलीकडच्या काठावर तोच पेला त्यांना सापडला. त्या नेमाबद्दल त्यांना नाईकाची फीत मिळाली. पदकही मिळालं होतं. ते बेंदराला बैलाच्या गळ्यात असायचं. "लढाई म्हंजे निस्तं चालनं. गोळी घालायचं काम लय थोडं असतंय, पर त्येच ऱ्हातंय ध्यानात," असं ते म्हणत.

बेचाळीसच्या चळवळीत उसात लपून राहणारी दोन पोरं त्यांच्याकडे नेमबाजी शिकायला आली होती. मीच त्यांना घेऊन गेलो होतो, मोठ्या ऐटीत. आबांनी त्यांना पोटभर भाकरी आणि दही घातलं. "भाकरी कवाबी मागा. नेम मागू नगा. त्यो इसरायला मला पंचवीस वर्सं लागली, अजून जमलं न्हाई." पोरं हिरमुसली. मला तर आबांची लाजच वाटली. म्हातारा भ्यालेला आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मी स्वतः आयुष्यात चाकूपलीकडे हत्यार धरलं नव्हतं, तरी पोवाडे ऐकून माझं रक्त मात्र सदोदित उसळलेलं असे.

आता माझ्या विद्येबद्दल सांगायला हवं. गावातली निम्मी तरणी पोरं दुसऱ्या लढाईत सातासमुद्रापार होती आणि घरच्यांची पत्रं मी लिहीत असे. लोक तोंडानं सांगायचे, "खुशाल हाय म्हनावं, म्हस व्यालीय म्हनावं," आणि मी त्याला मायना, अलंकार, शौर्याची दोन वाक्यं जोडून असं काही रूप द्यायचो, की वाचून दाखवल्यावर सांगणारी म्हातारी पदर डोळ्याला लावायची. मलकापुरापासून बायका पत्र लिहून घ्यायला येत. हे सगळं माझ्या डोक्यात चढलं होतं. चव्वेचाळीसच्या खंडेनवमीला मी लेखणीची पूजा केली ती नुसती रीत म्हणून नाही. खरंच वाटत होतं, की हेच आपलं हत्यार.

त्याच आठवड्यात आबांच्या मारुतीचं पत्र आलं. मारुती त्यांचा एकुलता एक, तानूवहिनींचा नवरा, इटलीत लढत होता. त्यानं लिहिलं होतं, की तोफेच्या आवाजानं एका कानाला ऐकू येईनासं झालं आहे. साहेब म्हणतो, हवं तर मागे कोठीत राहा, बुटं आणि कपडे वाटायचं काम आहे. पण गावची पोरं बरोबर आहेत, ती काय म्हणतील? आबा, तुम्ही सांगाल तसं करतो.

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "लिवा मास्तर. मारुती, साहेब म्हनतोय तर मागं ऱ्हा. बुटं वाटनारा बी शिपाईच असतोय. पोरं हसतील ती हसू देत, हसन्यानं कुनी मरत न्हाई. तुजी बायकू वाट बघतीया. बा सांगतोय म्हनून ऐक आन घरला ये."

पाच वाक्यं. ती मला अजून पाठ आहेत.

मी मान डोलावली, टाक बुडवला आणि वेगळंच लिहिलं. का लिहिलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता त्याची सगळी सोयीची उत्तरं संपली आहेत. खरं ते एवढंच: ती पाच वाक्यं मला भेकड वाटली आणि माझ्या लेखणीला शोभणारी वाटली नाहीत. मी लिहिलं, की आपल्या घराण्यात रणातून मागे फिरायची चाल नाही. बुटं वाटणाऱ्याचा बाप म्हणवून घेण्यापेक्षा मला निपुत्रिक म्हटलेलं परवडेल. कागदाची एक बाजू भरली, तशी उलटून दुसरीही भरली.

"लय लिवलं की वो," आबा म्हणाले.

"तुमचंच जरा नीट मांडलं," मी म्हणालो. आणि वाचून दाखवताना त्यांची पाच वाक्यं वाचून दाखवली.

दिवाळी झाल्यावर मारुतीचं उत्तर आलं. "आबा, तुमच्या पत्राप्रमाणे कंपनीत परत आलो. तुम्ही असे सांगाल असे वाटले नव्हते. पण तुमचा शब्द मोडणार नाही." हे मी मनातल्या मनात वाचलं. समोर आबा आणि दाराआड तानूवहिनी कान देऊन उभ्या. मी वाचलं, "खुशाल आहे. कोठीत काम करतो." वहिनी आत गेल्या आणि चुलीवर गुळाचा चहा ठेवला. तो चहा मी प्यालो.

शाळेत येऊन लगेच खरं पत्र लिहायला घेतलं. गावभर ज्याच्या पत्रांचा डंका, त्याला सुरुवात सुचेना. 'मागचं पत्र तुझ्या वडिलांचं नव्हतं' एवढं लिहिलं की झालं असतं. पण मग ते गावात फुटलं असतं, माझी छीथू झाली असती. उद्या लिहू, परवा लिहू असं करत पौष उजाडला. माघात मारुती गेल्याचा कागद आला.

आबा रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोठीत असून कसा गेला?" मी सांगितलं, बॉम्ब काय, कुठंही पडतो. एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं.

उन्हाळ्यात मारुतीचं सामान आलं. वस्तरा, वहिनींचा फोटो आणि बारीक घडी घातलेलं ते माझं पत्र. घडीवर फाटायला आलेलं. त्यानं ते किती वेळा उघडलं असेल. आबांनी ते माझ्यापुढे धरलं. "वाचा मास्तर. मी काय सांगितलं हुतं त्ये परत ऐकू दे."

मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि पाच वाक्यं म्हणून दाखवली. आबा माझ्या हातांकडे बघत होते. "व्हय," ते सावकाश म्हणाले. "असंच सांगितलं हुतं मी. माजं पोरगं कवा माज्या शब्दाभाईर गेलं न्हाई, मास्तर. पर त्याला बघून आलेली पोरं म्हनत्यात, त्यो कोठीत नव्हता, म्होरं हुता. मंग ह्याच वक्ताला त्यानं ऐकलं का न्हाई?"

मी पत्राची घडी घातली. मेलेल्या पोरावर बापाचा शब्द मोडल्याचा आळ येत होता आणि तो मी येऊ दिला. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम ते पत्र नव्हे, हे आहे.

त्याच पावसाळ्यात जपानात एका बॉम्बनं अख्खं शहर गेल्याची बातमी आली. चावडीवर वर्तमानपत्र मीच वाचलं. लढाई संपणार म्हणून सगळे खूश. आबांनी विचारलं, "टाकनाऱ्याला खालचं एक तरी तोंड दिसलं आसंल का?" म्हटलं, नाही, फार उंचावरून टाकला. "मंग त्येनं घरी जाऊन पुजायचं काय?" आबा म्हणाले. मी घाईनं पुढची बातमी वाचायला घेतली. मीही खालचं तोंड न बघताच टाकला होता.

पुढच्या वर्षी मी खटपट करून सांगलीला बदली घेतली. पण आबांनी निरोप धाडला, की खंडेनवमीला या, मारुतीचं पत्र वाचायचं आहे. नाही कसं म्हणू? दुसऱ्या कुणाच्या हाती ते पडलं तर, ही धास्तीही होतीच. दर वर्षी मी मोटारीनं जायचो. आबा पेल्याची पूजा करत, त्यात ठेवलेलं पत्र काढून माझ्या हाती देत. मी पाच वाक्यं म्हणायचो. आबा ऐकत, माझ्या हातांकडे बघत, आणि पत्र परत पेल्यात ठेवत. असं तीन वर्षं चाललं.

एकोणपन्नास साली श्रावणात आबा वारले. मी तेराव्याला गेलो. माणसं पांगल्यावर तानूवहिनींनी तो पेला माझ्यापुढे आणून ठेवला.

"आबांनी ह्यो कागद तुमास्नी द्यायला सांगितलाय," त्या म्हणाल्या. "शेवटाला मला म्हनले, मास्तर वाचत्यात झ्याक, पर पान उलटत न्हाईत. म्या पाच वाक्यं सांगितली हुती आन कागद दोनी अंगानी काळा हाय."

"त्यांना कधीपासून..."

"पयल्या खेपंपासनं. म्हनले, त्यास्नी सांग, येकदा तरी उलटायला पायजे हुतं. मी दर साली वाट बघत हुतो." वहिनी समोर खाली बसल्या. "काय हाय त्यात?"

मी पत्र उघडलं. पहिली बाजू वाचली, मग पान उलटलं आणि दुसरी वाचली. निपुत्रिकाचं वाक्यही वाचलं.

वहिनींनी कागदाकडे बघितलं. "ह्ये आबांचं बोलनं न्हवं."

"नाही. माझं."

"आन आमच्या ह्यास्नी वाटलं, आबाच बोलले." त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली आणि पेल्यात ठेवून पेला देवळीत नेऊन ठेवला.

त्यानंतर मी लेखणीची पूजा केलेली नाही. खंडेनवमीला मात्र सांगलीहून अजून जातो. या असं वहिनींनी कधी म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. त्या पाट मांडतात, पेला पुसून ठेवतात आणि पत्र माझ्या हाती देतात. मी दोन्ही बाजू वाचतो.